आधी संमती, मग धरण

पुण्याच्या पश्चिमेला असलेल्या मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीत धरण येणार असल्याचं कळलं ते कुठल्या नोटिशीतून नाही. शेतात चाचणीचे चर खणायला माणसं आली, तेव्हा कळलं. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीनं धरण बांधायचं, पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून खाली सोडायचं आणि तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी योजना होती. पन्नासच्या आसपास गावं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, हजार-बाराशे मावळे धरणाच्या जागेवर गेले आणि काम बंद पडलं. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे बिरुद मिळालं तेही तिथंच.

तीनेक वर्षं लढून मुळशी हरली. ती का हरली हे नीट पाहायला हवं. पेट्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या आणि त्या कसणारे मावळे त्यांची कुळं होती. सावकाराला जमिनीऐवजी रोकड मिळाली तर त्याचं काही बिघडणार नव्हतं, उलट अडकलेलं कर्ज सुटणार होतं. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तशा मालकाच्या आणि कसणाऱ्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला फक्त मालक दिसत होता. नांगर ज्याच्या हातात होता तो या व्यवहारात कुठंच नव्हता.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत धरणग्रस्तांनी रस्त्यावर उतरून बरंच काही मिळवलं. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी घेऊन बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारखे कार्यकर्ते उभे राहिले आणि महाराष्ट्राला १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व नर्मदेच्या पाण्याचा राज्यांमधला तंटा सोडवणाऱ्या लवादाच्या निवाड्यात आलं. पर्यावरणीय मंजुरी आली, जनसुनावणी आली. हे सगळं मोलाचं आहे आणि यातलं काहीही कुणी आपणहून दिलेलं नाही. पण यातली प्रत्येक तरतूद, जायचं ठरलंच आहे तर कसं जायचं, याबद्दलची आहे. जायचं की नाही, हे गावाला विचारण्याचं बंधन धरण बांधणाऱ्या सरकारवर बहुतेक ठिकाणी आजही नाही. मुळशीपासून आजवरच्या धरणविरोधी आंदोलनांची मुळातली मागणी तीच आहे, असं मला वाटतं. ती मान्य होत नाही तोवर पुनर्वसनाचा कितीही चांगला कायदा अर्ध्यावरच राहणार.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा उघडून पाहावा. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती लागते. सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रं सोडली तर, सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी जमीन घेत असेल तेव्हा संमतीची अटच नाही. मोठी पाटबंधारे धरणं जवळजवळ सगळी सरकारीच असतात. याच कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला आहे. पण ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचं मूल्यमापन करावं लागतं त्यांना एका परंतुकानं या अभ्यासातून सूट दिली आहे. ज्या प्रकारच्या प्रकल्पांनी या देशात सर्वाधिक माणसं घरातून उठवली, तेच संमतीतूनही सुटले आणि सामाजिक अभ्यासातूनही. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करायला सांगतो. ग्रामसभेनं ठाम नकार दिला तर पुढे काय, याचं उत्तर त्यात नाही.

विचारलं नाही की पुढे काय काय होतं, हे नर्मदेच्या खोऱ्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. लवाद १९६९ साली नेमला गेला आणि दहा वर्षांनी त्यानं निवाडा दिला. त्याच्यापुढे पक्षकार होती ती गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान ही राज्यं. पाणी कुणाला किती, वीज कुणाला किती, धरणाची उंची किती, यावर वर्षानुवर्षं युक्तिवाद झाले. ज्यांची घरं जाणार होती त्यांच्यातलं कुणी तिथं पक्षकार नव्हतं. निवाड्यानं महाराष्ट्राला नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा दिला आणि त्यासाठी महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताच्या यादीत गेली. तिन्ही राज्यांत मिळून २४५.

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ही ३३ गावं भिल्ल आणि पावरा आदिवासींची. देशावरच्या गावासारखं दाट गावठाण तिथं नसतं. टेकडीटेकडीवर विखुरलेली घरं, घराला लागून शेत, वर जंगल, खाली नदी. मोह, चारोळी, डिंक, मासे, गुरांचा चारा, घराची लाकडं, यासाठी पैसे मोजावे लागत नव्हते. म्हणूनच मोबदल्याच्या हिशेबात यातलं काही धरलंच गेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबारा अनेकांकडे नव्हता आणि सरकारी दप्तरात ते वनजमिनीवरचे अतिक्रमणधारक होते. शेत तेच, माणूस तोच. पण बदली जमीन मिळण्याचा हक्क त्याला आहे की नाही, हे दप्तरातली नोंद ठरवणार. आपण इथलेच आहोत, एवढं सिद्ध करण्यासाठी या लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, सर्वेक्षणं पुन्हा करून घ्यावी लागली, तुरुंगात जावं लागलं. पुनर्वसनासाठी जमीन कमी पडली तेव्हा तळोद्याच्या जंगलातली चार हजारांहून अधिक हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. तिथंही आधीपासून कसणारे आदिवासी होते. एका आदिवासीला उठवून दुसऱ्या आदिवासीच्या शेतावर बसवायचं, यालाच पुनर्वसन म्हटलं गेलं.

मध्य प्रदेशात बॅकवॉटरची, म्हणजे धरणामागे फुगून चढणाऱ्या पाण्याची, पातळी नव्यानं ठरवून सुमारे १६ हजार कुटुंबं बुडिताच्या यादीतून काढून टाकली गेली. कागदावर ती कोरडी राहणार होती. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण भरला आणि यादीबाहेरच्या घरांतही पाणी शिरलं. बुडणार कोण, हे ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असला की अशा चुका त्याच बाजूच्या सोयीच्या निघतात.

धरणाला विरोध करणारं नर्मदा बचाओ आंदोलन १९९४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात दोन न्यायमूर्तींच्या बहुमतानं बांधकाम पुढे नेण्याची परवानगी दिली. आंदोलक फार उशिरा न्यायालयात आले, हाही मुद्दा बहुमतानं त्यांच्याविरुद्ध धरला. न्यायमूर्ती एस. पी. भरुचा यांचं मत वेगळं होतं. १९८७ ची पर्यावरणीय मंजुरी आवश्यक माहिती हाती नसतानाच दिली गेली होती, तेव्हा नव्यानं छाननी होईपर्यंत काम थांबलं पाहिजे, असं त्यांनी लिहिलं. उशिराचा तो मुद्दा मला आजही पटत नाही. लवादापुढे ज्यांना कुणी बोलावलं नाही, प्रकल्पाचे कागद ज्यांच्या भाषेत कधी आले नाहीत, त्यांनी वेळेवर यायचं म्हणजे नेमकं कधी? भिंतीत पैसा ओतून झाल्यावर प्रत्येक आक्षेपाला उशीरच झालेला असतो. लोकांना सुरुवातीलाच विचारण्याची गरज नेमकी यासाठी आहे.

खोऱ्यातल्या लढ्यानं भिंत थांबवली नाही, ती २०१७ साली पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. मात्र त्याच लढ्यानं जागतिक बँकेला १९९१ साली या धरणाला दिलेल्या स्वतःच्या कर्जाची स्वतंत्र चौकशी करायला लावलं. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीनं १९९२ साली दिलेल्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींतल्या गंभीर त्रुटी दाखवल्या आणि १९९३ च्या मार्चमध्ये उरलेलं कर्ज थांबलं. पुढे १९९८ साली जागतिक धरण आयोग बसला. अध्यक्ष होते दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्माल आणि सदस्यांत मेधा पाटकरही होत्या. आयोगाचा अहवाल नोव्हेंबर २००० मध्ये आला. मोठ्या धरणांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी ५६ टक्क्यांनी जास्त गेला, असं त्यात आढळलं. जगभरात धरणांमुळे विस्थापित झालेल्यांची संख्या आयोगानं ४ ते ८ कोटी अशी दिली. या आकड्यावर क्षणभर थांबायला हवं. काँक्रीट किती घनमीटर लागलं हे प्रत्येक धरणाच्या दप्तरात काटेकोर मिळतं आणि माणसं किती उठली, यात चार कोटींचा फरक राहतो. ती मोजलीच गेली नव्हती. ती मोजायला लावली आंदोलनांनी.

नर्मदेच्या लढ्यातला एक जुना वाद इथं आणायला हवा, कारण तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात वापरला जातो. गुजरातमध्ये आर्च वाहिनी या संघटनेनं आदिवासींच्या हक्कांसाठी सुरुवातीपासून झगडून १९८७ साली गुजरात सरकारकडून चांगलं पुनर्वसन धोरण मिळवलं आणि मग धरणाला विरोध करायचं नाकारलं. नर्मदा बचाओ आंदोलनानं मात्र धरणालाच नकार दिला. शहाणपण पहिल्या वाटेत होतं, असं अनेक भल्या माणसांना वाटतं. मिळेल ते पदरात पाडून घ्यावं, भिंतीला डोकं आपटू नये, हा सल्ला देणाऱ्यांचा हेतूही वाईट नसतो. वाहिनीच्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. पण वाटाघाटीला बसणाऱ्याच्या हातात काय असतं, हे पाहिलं पाहिजे. समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नसेल, तर जे मिळतं ती देणाऱ्याची मर्जी असते. दर वेळी एखादं पाऊल पुढे पडलं ते कुणीतरी उठणारच नाही म्हणून बसलं होतं म्हणून. पाणी नर्मदाकाठच्या मणिबेली गावाच्या उंबऱ्याशी आलं तरी लोक घरातून हलले नाहीत. तो हट्ट नसता तर बाकीच्यांच्या पुनर्वसनाची फाइल किती हलली असती, याचा विचार करावा.

नॉर्वेतल्या आल्टा नदीची गोष्ट या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या धरणाविरुद्ध उत्तरेतल्या सामी या आदिम समाजाच्या लोकांनी १९७९ ते १९८१ या काळात ओस्लोत संसदेसमोर उपोषणं केली, बांधकामाच्या जागी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. धरण झालंच. फक्त मूळ योजनेपेक्षा ते लहान झालं आणि मासी हे सामी गाव बुडण्यापासून वाचलं. पण एका अख्ख्या समाजाला न विचारता त्याची नदी घेता येते, याची त्या देशाला लाज वाटली. १९८९ साली सामींची स्वतंत्र संसद भरली. आदिम समाजांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार मान्य करणारा नॉर्वे १९९० साली पहिला देश ठरला. भारतानं तो आजही मान्य केलेला नाही.

आता आक्षेपांकडे येतो. धरण हा तज्ज्ञांचा विषय आहे, गावकऱ्यांना त्यातलं काय कळतं, हा पहिला. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर जलविद्युत धरण होणार होतं. केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेनं तेव्हा भावनेला हात घालण्यावर भागवलं नाही. जंगलाचा अभ्यास, विजेची खरी गरज, ती भागवण्याचे इतर मार्ग, यांचा एकत्र ताळेबंद मांडून तो गावोगाव नेला. शिक्षक, कवी, शास्त्रज्ञ, सगळे त्यात उतरले. सरकारी तज्ज्ञांच्या टिपणांना त्याच तोडीचं उत्तर मिळालं. प्रकल्प मागे पडला आणि १९८४ साली ती दरी राष्ट्रीय उद्यान झाली.

थायलंडमधल्या पाक मुन धरणाची हकिगत तर याहून बोलकी आहे. मेकाँगची उपनदी असलेल्या मुन नदीवर १९९४ साली हे धरण पूर्ण झालं. मासे वर चढावेत म्हणून त्याला पायऱ्यापायऱ्यांचा मार्ग केला होता. मासे त्यावरून फारसे चढले नाहीत आणि वरच्या गावांतल्या कोळ्यांची जाळी रिकामी यायला लागली. बायाबापडे वर्षानुवर्षं धरणापाशी तळ ठोकून राहिले, तेव्हा २००१ च्या जूनमध्ये दरवाजे वर्षभरासाठी उघडले गेले. या वर्षाचा वापर गावकऱ्यांनी कसा केला पाहा. त्यांनी स्वतःच संशोधन हाती घेतलं. कुठल्या खळाळात, कुठल्या महिन्यात, कुठल्या जाळ्यात कुठला मासा आला, त्याचं गावातलं नाव काय, तो अंडी कुठं घालतो, याच्या नोंदी कोळ्यांनीच केल्या आणि कार्यकर्त्यांनी त्या लिहून काढायला मदत केली. दीडशेहून अधिक जातींचे मासे परतल्याचं त्यांनी नोंदवलं. नदीच्या तळातले खडक, डोह, भोवरे यांची त्यांच्याकडे इतकी नावं होती की कुठल्याही सर्वेक्षणाच्या नकाशात ती मावली नसती. हे ज्ञान धरण बांधण्याआधीही तिथंच होतं, ते विचारायला कुणी गेलं नव्हतं. सरकारनं पुढे वर्षातून चार महिने दरवाजे उघडायचं ठरवलं. लोकांची मागणी कायमचे उघडण्याची होती.

सिक्कीममध्ये तिथल्या लेपचा या मूळ समाजातले तरुण २००७ साली तिस्तेच्या खोऱ्यातल्या धरणांविरुद्ध उपोषणाला बसले. द्झोंगू भागातले काही प्रकल्प त्यामुळे रद्द झाले. चुंगथांगचं १२०० मेगावॅटचं तिस्ता-३ हे धरण मात्र झालं. ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटलं आणि लोंढ्यानं ते धरण वाहून नेलं. खालच्या गावांत माणसं गेली, पूल गेले. लेपचांनी नेमकी हीच रात्र सांगितली होती असं मी म्हणणार नाही. पण हा डोंगर ठिसूळ आहे, वर बर्फाची तळी आहेत, इथं एवढं ओझं टाकू नका, हे ते सांगत होते आणि त्यांच्या सांगण्याला निर्णयात जागा नव्हती.

दुसरा आक्षेप खूप वजनदार आहे आणि त्याला मान द्यायला हवा. दुष्काळी तालुक्यातल्या बाईनं हंडा घेऊन मैलोन्‌मैल चालायचं आणि बुडिताच्या गावानं ‘नाही’ म्हणायचं, हा कुठला न्याय? तहानलेल्यासाठी कुणीतरी जमीन सोडलीच पाहिजे ना?

हो, पण ज्याच्या नावानं जमीन मागितली त्याच्यापर्यंत पाणी पोचलं का, हे विचारण्याचा हक्क जमीन देणाऱ्याला असला पाहिजे. देशातल्या मोठ्या धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक धरणं एकट्या महाराष्ट्रात आहेत. तरी २०१२ साली राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून केवढा गदारोळ झाला, ते आठवावं. दहाएक वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये सिंचनावर खर्च झाले आणि ओलिताखालचं क्षेत्र १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेलं, असं त्यातून दिसत होतं. सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. एवढी धरणं असूनही दर उन्हाळ्यात टँकर फिरतात, कारण धरणातलं पाणी आधी उसाला, कारखान्याला आणि शहराला जातं. मुळशीचं पाणी आजही घाटाखाली उतरून वीज करतं आणि भीमेच्या खोऱ्यातला दुष्काळी भाग ते पूर्वेला वळवून मागतो आहे. कोयनेनं राज्याला उजेड दिला आणि तिथले धरणग्रस्त साठ-साठ वर्षं पुनर्वसनासाठी ठिय्या देऊन बसत आले. धरणग्रस्त आणि दुष्काळग्रस्त एकमेकांचे वैरी आहेत, हे चित्र फसवं आहे. दोघंही एकाच वाटपाचे बळी आहेत.

हे महाराष्ट्रातल्या चळवळींना फार आधी उमगलं होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलानं धरणग्रस्त आणि दुष्काळग्रस्त यांना एकाच संघटनेत आणलं आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडीच्या शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात स्वतःच बळीराजा धरण उभं केलं. नदीतली वाळू विकून आलेला पैसा आणि स्वतःचे श्रम त्यात घातले आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाला, असं ठरवलं. आजरा तालुक्यात उचंगीच्या धरणाचा प्रश्न आला तेव्हाही लोकांनी तज्ज्ञांच्या मदतीनं कमी बुडिताचा पर्यायी आराखडा मांडला. अशा माणसांना धरणविरोधी, विकासविरोधी म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. त्यांचा विरोध आहे तो दुसऱ्यानं परस्पर आखलेल्या धरणाला.

चळवळींचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मालक आणि कूळ यांच्यातली मुळशीची फूट आजही गावोगाव दिसते. बागायतदार घसघशीत मोबदला घेऊन निघून जातो आणि मजूर, मेंढपाळ, कोळी मागे राहतात. गावाच्या वतीनं बोलणारे बहुतेक पुरुष असतात आणि पाणी-सरपण आणणाऱ्या बाईला नव्या वसाहतीत नदी किती लांब पडेल, हे बैठकीत कुणी विचारत नाही. म्हणून गावाची संमती म्हणजे सरपंचाचा अंगठा किंवा खातेदारांच्या सह्या नव्हेत. नदीवर जगणारा प्रत्येक जण त्यात मोजला गेला पाहिजे, धरणाच्या खालच्या अंगाची गावंसुद्धा. नदी आटल्याचं पहिलं दुःख त्यांना होतं आणि बाधितांच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

आणि नकाराची किंमत आज काय आहे, हेही माहीत असू द्या. झारखंडमध्ये कोयल-कारो धरणांविरुद्ध मुंडा आदिवासी दशकानुदशकं उभे होते. २ फेब्रुवारी २००१ रोजी तपकारा इथं पोलिसांच्या गोळीबारात आठ जण गेले. दोन वर्षांनी प्रकल्प गुंडाळला गेला. फिलिपिन्समध्ये चिको नदीवरच्या धरणांना विरोध करणारे कलिंगा समाजाचे पुढारी मक्लिइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० च्या रात्री सैनिकांनी त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. ती धरणंही झाली नाहीत. होंडुरासमध्ये ग्वाल्कार्के नदी वाचवणाऱ्या लेंका समाजाच्या बेर्ता कासेरेस यांचा २०१६ च्या मार्चमध्ये घरात घुसून खून झाला. या तिन्ही ठिकाणी लोकांचं म्हणणं शेवटी खरं ठरलं, पण ते ऐकण्याची कायदेशीर जागा नसल्यामुळे आधी माणसं मेली. संमतीचा कायदा म्हणजे प्रगतीच्या वाटेतली आडकाठी, असं मानणाऱ्यांनी हा हिशेबही धरावा.

असा हक्क दिला तर एकही धरण होणार नाही, एक गाव अख्ख्या राज्याला अडवून धरेल, ही भीती बोलून दाखवली जाते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरातल्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही जणींनी नकार दिला. देश त्यानं थांबला नाही, एक खाण थांबली. गावं नेहमी नाहीच म्हणतात असंही नाही. ज्यांनी येरळेवर स्वतः भिंत बांधली, ती गावंच होती. लोकांना वाटा, हमी आणि खरी माहिती मिळाली तर ते सौदा करतात, कधी उंची कमी करायला सांगतात, कधी जागा बदलायला. जो प्रकल्प असा सौदा पेलू शकत नाही तो मुळातच कुणाच्या तरी फुकटच्या त्यागावर उभा असतो, आणि असा प्रकल्प कागदावरच संपावा हे करदात्याच्याही हिताचं आहे.

खरी अडचण आहे ती वेळेची. अरुणाचलमध्ये सियांग नदीवरच्या प्रचंड धरणाला ‘आदी’ या आदिवासी समाजाचा विरोध आहे आणि त्यांना सांगितलं जातं की हे केवळ प्राथमिक सर्वेक्षण आहे, धरणाचा निर्णय नंतर. त्या सर्वेक्षणासाठी सशस्त्र दलं पाठवली गेली, म्हणून २०२५ च्या मे महिन्यात लोक पुन्हा रस्त्यावर आले. सर्वेक्षणानं आराखडा होतो, आराखड्यानं निविदा निघते, निविदेनं ठेकेदार येतो, आणि मग एवढा खर्च झाल्यावर मागे कसं फिरायचं, असा प्रश्न विचारला जातो. वन संवर्धनाचे २०२२ चे नियम तर याच दिशेनं आणखी पुढे गेले. केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती तपासण्याची जबाबदारी त्यांनी तिथून काढून मंजुरीनंतर राज्यांवर ढकलली. दिल्लीचा शिक्का बसलेल्या प्रकल्पाला गावानं नाही म्हणावं, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

मागणी म्हणून तीन गोष्टी पुरेत. सिंचन प्रकल्पांना सामाजिक अभ्यासातून सूट देणारं परंतुक रद्द करावं. संमतीची अट खासगी कंपनीइतकीच सरकारलाही लावावी. आणि ती संमती सविस्तर आराखड्याचा खर्च मंजूर होण्याआधी, लोकांच्या भाषेतले कागद त्यांच्या हातात देऊन, विचार करायला पुरेसा अवधी ठेवून घ्यावी.

हे सुरू करायला मुहूर्त शोधावा लागणार नाही. पार-तापी-नर्मदा नदीजोडाविरुद्ध दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी मोठमोठे मोर्चे काढले आणि २०२२ साली राज्य सरकारला ती योजना सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं. तिच्याच शेजारची दमणगंगा-पिंजाळ योजना मुंबईच्या पाण्यासाठी मांडलेली आहे, आणि तिच्यात भुगड, खारगीहिल आणि पिंजाळ अशी धरणं आहेत. सह्याद्रीच्या त्या कुशीतली वारली, कोकणा, महादेव कोळी यांची गावं अजून जागेवर आहेत, भिंतीचा पहिला दगड पडलेला नाही, आणि मुंबई आपल्या गळक्या नळांतून किती पाणी वाया घालवते याचा हिशेब त्या गावांसमोर मांडायलाही अजून वेळ आहे. त्या ग्रामसभा आत्ता बोलवाव्यात.